सुखाच्या शिडीवर भारत ११८वा : म्हणजे नेमके काय मोजले?

दरवर्षी २० मार्चला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या सुमारास, वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. जगातील देशांची आनंदानुसार क्रमवारी जाहीर झाली, फिनलंड पुन्हा पहिला आला आणि भारत फार खाली राहिला. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात १४७ देशांमध्ये भारताचा क्रमांक ११८वा होता, पाकिस्तानचा १०९वा आणि नेपाळचा ९२वा. फिनलंड सलग आठव्यांदा पहिला होता आणि अफगाणिस्तान शेवटचा. ही बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. काही जण म्हणतात की देशाचे खरे चित्र अखेर उघडे पडले. इतर काही म्हणतात की परदेशात बसून कोणीतरी केलेला हा खोडसाळपणा आहे. या अहवालासाठी लोकांना नेमके काय विचारले होते, याची चौकशी मात्र दोन्ही बाजूंकडून क्वचितच होते.

खरे तर सगळी मेख त्या प्रश्नात आहे. समाजाचे स्वास्थ्य किंवा लोकांचे मत आकड्यांत मांडणारी कोणतीही पाहणी घेतली, तरी तिचा निष्कर्ष हा कोणीतरी, कोणाला तरी, विशिष्ट शब्दांत विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरांचा हिशेब असतो. तो हिशेब कसा होतो, त्यात काय धरले जाते आणि काय निसटते, हे या अहवालाच्या निमित्ताने पाहू.

प्रश्न एकच, आणि त्यात ‘सुख’ हा शब्दच नाही

या क्रमवारीचा पाया असलेला प्रश्न साधारण असा आहे. ‘तुमच्यासमोर एक शिडी आहे अशी कल्पना करा. तिच्या पायऱ्यांना तळापासून वरपर्यंत ० ते १० असे क्रमांक दिले आहेत. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य आणि सर्वांत खालची पायरी म्हणजे सर्वांत वाईट आयुष्य. आज तुम्ही स्वतः कोणत्या पायरीवर उभे आहात असे तुम्हाला वाटते?’

ही शिडी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची. त्यांनी १९६५ मध्ये तिचे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले, आणि त्यासाठी ज्या देशांत पाहणी झाली होती त्यांत भारतही होता. १९६२ मध्ये भारतात झालेल्या त्या पाहणीत सरासरी ३.७ आली होती, तर १९५९ मध्ये अमेरिकेत ६.६. २०२५ च्या अहवालात भारताची सरासरी ४.३८९ आहे आणि फिनलंडची ७.७३६. पाहणी करण्याची पद्धत मधल्या काळात बदलली असल्यामुळे तेव्हाचे आणि आताचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून फार निष्कर्ष काढू नयेत. मात्र शिडीची ही कल्पना साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, एवढे त्यावरून दिसते.

मराठीत आपण सुख, आनंद आणि समाधान हे तीन शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरतो. लग्नाच्या मांडवात होतो तो आनंद, आणि निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना वाटते ते समाधान. शिडीचा प्रश्न या दुसऱ्या बाजूचा आहे. माणूस आपल्या आयुष्याला स्वतःच किती गुण देतो, हे तो विचारतो, आणि संशोधक त्याला ‘जीवन-मूल्यांकन’ म्हणतात. ‘काल तुम्ही हसलात का, काल दिवसभर काळजी वाटत होती का’ असे भावनांचे प्रश्नही त्याच पाहणीत विचारले जातात, पण देशांची क्रमवारी त्यांच्यावरून लागत नाही. या अहवालाला ‘आनंद अहवाल’ हे नाव पडले ते आकर्षक म्हणून, आणि निम्मा गोंधळ त्या नावानेच केला आहे, असे माझे मत आहे.

मग ते सहा घटक कशासाठी?

बातम्यांमध्ये बहुतेक वेळा असे लिहिलेले असते की दरडोई उत्पन्न, अडचणीत आधार देणारी माणसे, निरोगी आयुर्मान, निवडीचे स्वातंत्र्य, दानशूरता आणि भ्रष्टाचाराविषयीची भावना या सहा निकषांवरून ही क्रमवारी ठरते. ते चुकीचे आहे. क्रमवारी ठरते ती फक्त शिडीवरच्या उत्तरांच्या तीन वर्षांच्या सरासरीवरून.

दहावीच्या निकालाचे उदाहरण घ्या. विद्यार्थ्याचे गुण उत्तरपत्रिकेवरून ठरतात. निकाल लागल्यावर शाळा असा अभ्यास करू शकते की ज्यांना जास्त गुण मिळाले त्यांच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र जागा होती का, शिकवणी होती का, आईवडील शिकलेले होते का. या गोष्टी गुणांमधला फरक काही अंशी समजावून देतात. पण शिकवणी लावली म्हणून कोणाच्या गुणपत्रिकेत पाच गुण वाढवून लिहिले जात नाहीत. सहा घटकांचे काम नेमके एवढेच आहे. ते निकालाचे स्पष्टीकरण शोधतात, निकाल लावत नाहीत.

त्यांतला ‘आधार’ हा घटक आपल्यासाठी विशेष विचार करण्यासारखा आहे. त्यासाठीचा प्रश्न साधा आहे : तुम्ही संकटात सापडलात तर हाक मारावी असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का? फिनलंडसारख्या देशात, जिथे माणसे एकलकोंडी असतात असे आपण समजतो, तिथे बहुसंख्य लोक ‘हो’ म्हणतात. भावकी, गणगोत आणि शेजारधर्म यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशात मात्र ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने बरेच कमी येते. कदाचित ‘हाक मारण्याजोगा’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे वेगळा लागत असेल, कारण भाऊ असणे आणि भावाकडे पैसे मागता येणे यांतले अंतर येथे सर्वांना ठाऊक आहे. किंवा आपण मानतो तितके ते जाळे घट्ट उरलेले नसेल. यांतले खरे कोणते हे आकडा सांगत नाही, पण हा प्रश्न आपल्यासमोर आला तो आकड्यामुळेच.

‘मला तर कोणी विचारले नाही’

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप आहे. या अहवालासाठी गॅलप ही संस्था साधारणपणे एका देशात एका वर्षी पंधरा वर्षांवरील सुमारे हजार जणांना प्रश्न विचारते, आणि मोठ्या देशांत त्याहून काही अधिक जणांना. १४० कोटींच्या देशाचे मन काही हजार उत्तरांतून कसे कळणार, असे कोणालाही वाटेल.

याचे उत्तर आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे : शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी आपण दोनचार शिते चेपून पाहतो. घरातल्या पातेल्यासाठी दोन शिते लागतात, म्हणून लग्नाच्या हंड्यासाठी दोन हजार शिते चेपावी लागतात असे नाही. पाहणीची अचूकता बव्हंशी किती जणांना विचारले यावर अवलंबून असते, एकूण लोकसंख्या किती आहे यावर फारशी नसते. यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्याप्रमाणे, हजार माणसे निवडली आणि त्यांना हो-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारला, तर उत्तरात साधारण तीन टक्के इकडेतिकडे एवढी चूक संभवते. ती निम्मी करायची तर हजाराचे दोन हजार करून भागत नाही, चार हजार करावे लागतात. म्हणूनच एका मर्यादेनंतर आणखी माणसे विचारण्यावर खर्च करणे परवडत नाही.

पण या म्हणीत एक अट दडलेली आहे. भात एकसारखा शिजलेला हवा, किंवा शिते हंड्याच्या सर्व भागांतून उचललेली हवीत. वरवरचीच शिते पाहिली आणि तळाला भात करपला असेल, तर हजारो शिते चेपूनही उपयोग नाही. याचा सर्वांत गाजलेला धडा १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे दूरध्वनी व मोटार होती ती माणसे देशाचा नमुना नव्हती. त्या मानाने कितीतरी लहान नमुन्यावरून जॉर्ज गॅलप यांनी, म्हणजे वर उल्लेखलेल्या गॅलप संस्थेच्या संस्थापकांनी, रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितले. अर्थात १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांचाही अंदाज सपशेल चुकला, हे न्याय म्हणून सांगायला हवे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पद्धतीने काढायला सुरुवात केली, आणि १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी त्यांच्याच प्रयत्नांतून उभी राहिली. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. एकाच भागात ते दोन स्वतंत्र पथके पाठवत. दोघांच्या आकड्यांत फार तफावत पडली, तर चूक भातात नसून शिते उचलणाऱ्या हातात आहे, हे कळत असे. पुण्यात अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत्यक्ष कामातल्या अडचणी मात्र साध्याच असतात. दुपारी बारा वाजता दार ठोठावले तर घरी कोण असते? म्हातारी माणसे, लहान मुले, गृहिणी आणि बेकार तरुण. जो दार उघडेल त्यालाच विचारले, तर नोकरदार माणूस पाहणीतून गळतो. म्हणून नीट केलेल्या पाहणीत आधी गाव किंवा प्रभाग, मग घर आणि मग घरातील माणूस अशा तिन्ही पातळ्यांवर निवड यदृच्छेने होते, आणि निवडलेला माणूस घरी नसेल तर पुन्हा जावे लागते. एवढे करूनही नमुन्यात एखादा गट कमी पडला, तर त्याच्या उत्तरांना हिशेबात थोडे अधिक वजन दिले जाते, आणि याला भारांकन म्हणतात. शिवाय एकाच गल्लीतील दहा घरे विचारणे म्हणजे दहा स्वतंत्र उत्तरे मिळवणे नव्हे, कारण एका गल्लीतील माणसे बहुधा सारख्याच परिस्थितीत राहतात. म्हणून कागदावर हजार दिसणाऱ्या नमुन्याचे प्रत्यक्षातले बळ त्याहून कमी असते.

प्रश्नाच्या आधी काय विचारले?

निवड अचूक झाली तरी उत्तर हे माणसाच्या मनातून यायचे असते, आणि मन म्हणजे तयार उत्तरांचे कपाट नव्हे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले होते : तुम्ही आयुष्यात किती सुखी आहात, आणि तुम्ही जोडीदाराबरोबर वरचेवर फिरायला जाता का? सुखाचा प्रश्न आधी विचारला तेव्हा दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध दिसला नाही. क्रम उलटा केला तेव्हा मात्र तो संबंध एकदम घट्ट झाला. दोन गोष्टी किती प्रमाणात बरोबरीने वरखाली होतात ते दाखवणारा आकडा, ज्याला सहसंबंध म्हणतात, उणे ०.१२ वरून ०.६६ वर गेला. विद्यार्थ्यांच्या आयुष्यात काहीही बदलले नव्हते. आधीच्या प्रश्नाने जी गोष्ट मनात आणली, तिच्याच उजेडात त्यांनी सगळे आयुष्य पाहिले.

हा प्रयोग काही विद्यार्थ्यांपुरता म्हणून सोडून द्यावा, तर अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या अँगस डीटन यांना हाच प्रकार खूप मोठ्या प्रमाणावर आढळला. गॅलप २००८ पासून अमेरिकेत रोज सुमारे हजार जणांना शिडीचा प्रश्न विचारत असे. काही काळ त्याच्या आधी राजकारणाविषयीचे प्रश्न ठेवले गेले, आणि लोकांनी स्वतःला दिलेले गुण इतके घसरले की त्यापुढे आर्थिक अरिष्टाच्या सर्वांत वाईट दिवसांतली घसरणही लहान वाटावी. देशाचा कारभार कसा चालला आहे याचा विचार मनात आणून दिल्यावर माणसाला स्वतःचे घरही जरा वाईट दिसू लागते.

शब्दांचाही असाच परिणाम होतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सुमारे दीड हजार ब्रिटिश प्रौढांवर केलेल्या प्रयोगात असे दाखवले, की शिडीचे चित्र आणि ‘वर-खाली’ ही भाषा यांमुळे लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता यांचे विचार अधिक येतात. शिडी काढून टाकून साध्या शब्दांत विचारले, तर तब्येत, नाती अशा गोष्टींना अधिक जागा मिळते. मराठीत तर हा धोका दुप्पट आहे. ज्या भाषेत ‘आपली पायरी ओळखून वागावे’ असे शतकानुशतके ऐकवले गेले, तिथे ‘तुम्ही कोणत्या पायरीवर आहात’ हा प्रश्न समाधानाचा म्हणून ऐकला जाईल की जातीचा, मानाचा आणि ऐपतीचा म्हणून, हे ऐकणाऱ्याच्या अनुभवावर ठरणार.

तरी पाकिस्तान आपल्यापुढे कसा?

या क्रमवारीवर चिडणाऱ्यांचा हा मुख्य मुद्दा आहे, म्हणून त्याकडे नीट पाहू. २०२५ च्या अहवालात पाकिस्तानची सरासरी ४.७६८ आहे आणि भारताची ४.३८९. फरक एका पायरीच्या चार दशांशांहूनही थोडा कमी आहे. तो केवळ नमुन्यातल्या योगायोगाने पडला असे म्हणून झटकून टाकता येणार नाही. पण त्यावरून ‘पाकिस्तानी भारतीयांपेक्षा सुखी आहेत’ असेही म्हणता येणार नाही, कारण शिडीची लांबी प्रत्येक माणूस स्वतः ठरवतो. सर्वांत वरची पायरी म्हणजे ‘तुमच्या दृष्टीने’ शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य. ज्याच्या डोळ्यांसमोर मोबाइलच्या पडद्यावर रोज परदेशातील नातलगाचे घर येते, त्याची वरची पायरी उंच जाते, आणि तो जिथे उभा आहे तिथेच उभा राहूनही खाली आल्यासारखा वाटू लागतो.

बोलण्याच्या रीतीही वेगळ्या असतात. आपल्याकडे ‘कसे काय?’ या प्रश्नाला ‘चाललंय’ हे उत्तर असते. सगळे उत्तम आहे असे मोठ्याने सांगणे म्हणजे दृष्ट ओढवून घेणे, ही भावना शिकलेल्या घरांतही पुरती गेलेली नाही. असा माणूस दहापैकी नऊ म्हणेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

म्हणून देशादेशांच्या तुलनेपेक्षा एकाच देशाची वर्षानुवर्षांची तुलना अधिक विश्वासार्ह ठरते, कारण भाषा, रीत आणि संकोच त्यात साधारण सारखेच राहतात. आणि या तुलनेत भारताची गोष्ट खरोखर अस्वस्थ करणारी आहे. २०१९ च्या अहवालानुसार २००५–०८ आणि २०१६–१८ या दोन कालखंडांच्या दरम्यान भारताची सरासरी एका पायरीहून अधिक घसरली, आणि याच काळात देशाचे उत्पन्न वेगाने वाढत होते. अलीकडे आकडा थोडा सावरला आहे. शेजाऱ्याशी तुलनेवर जेवढा वेळ जातो, त्याच्या दशांशही वेळ या घसरणीच्या चर्चेला मिळाला नाही.

क्रमांकाविषयी आणखी एक गोष्ट. क्रमवारीच्या मधल्या भागात अनेक देशांची सरासरी इतकी जवळजवळ असते की गुणांत किरकोळ बदल झाला तरी देश कित्येक स्थाने वर किंवा खाली जातो. शिवाय पाहणीत दरवर्षी तेच देश नसतात. २०२४ मध्ये भारत १४३ देशांत १२६वा होता आणि २०२५ मध्ये १४७ देशांत ११८वा. बातमीत ही ‘आठ स्थानांची झेप’ ठरली, पण पाहण्याजोगी गोष्ट ४.०५४ चे ४.३८९ झाले ही आहे.

लोक खरे बोलतात का?

आतापर्यंत माणूस स्वतःच्या आयुष्याविषयी बोलत होता. समाजाविषयीची मते विचारली की वेगळीच अडचण येते, ती म्हणजे चारचौघांत शोभेल असे उत्तर देण्याची ओढ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, जिचे काम मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते, स्त्रियांना आणि पुरुषांना विचारते की नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या परिस्थितीत योग्य आहे : न सांगता बाहेर गेली तर, स्वयंपाक नीट केला नाही तर, सासरच्यांचा मान राखला नाही तर, अशी एकूण सात कारणे. २०१९–२१ च्या पाहणीत ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांपैकी निदान एका कारणासाठी मारणे योग्य मानले. त्याआधीच्या, २०१५–१६ च्या पाहणीत हे प्रमाण स्त्रियांत ५२ आणि पुरुषांत ४२ टक्के होते.

येथे विचारण्याची पद्धत लक्षात घ्यावी. ‘मारहाण तुम्हाला मान्य आहे का’ असे मोघम विचारले असते तर बहुतेकांनी कानावर हात ठेवले असते. एकेक प्रसंग पुढे ठेवला की मनातले बाहेर येते. स्त्रीवर प्रत्यक्ष अत्याचार झाला का, हे विचारण्याचे नियम त्याहून कडक आहेत. घरातील एकाच स्त्रीला विचारायचे, आणि तेही आजूबाजूला कोणी नसताना. स्वयंपाकघराच्या दारात सासू उभी असताना मिळालेले उत्तर सुनेचे नसते. तरीही पुरुषांतली दोन टक्क्यांची वाढ खरी वाढ आहे, की बोलण्यातला मोकळेपणा, की निव्वळ पाहणीतला चढउतार, हे या दोन आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. स्त्रियांतली सात टक्क्यांची घट मात्र, एवढ्या प्रचंड नमुन्यात, योगायोग म्हणून सोडता येत नाही.

मत आणि वागणे यांतही अंतर असते, आणि ते नेहमी वाईट दिशेचेच असते असे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भारतासह ४० देशांत सतराशे नव्हे, सतरा हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटे बँका, टपाल कार्यालये, हॉटेले अशा ठिकाणी नेऊन दिली गेली. सापडलेले पाकीट मालकाला कळवले जाते का, हे पाहायचे होते. बहुतेक देशांत रिकाम्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटे अधिक प्रमाणात परत करण्याची तयारी दिसली, जे तज्ज्ञांनाही अपेक्षित नव्हते. ‘आजकाल कोणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही’ हे वाक्य पाहणीत एक मत म्हणून नोंदले जाते, आणि त्याच शहरातल्या काउंटरवरचा माणूस पाकीट परत देण्यासाठी मालकाचा शोध घेत असतो.

सोसण्याची सवय झाली असेल तर?

माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत गंभीर आक्षेप अमर्त्य सेन यांनी घेतलेला आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या भागात एक आरोग्य पाहणी झाली. तीत पत्नी गमावलेल्या पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे असे सांगितले. पती गमावलेल्या स्त्रियांमध्ये असे सांगणाऱ्यांचे प्रमाण होते फक्त २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमधील विधवेची स्थिती ज्याला माहीत आहे, तो हे आकडे वाचून त्या स्त्रिया ठणठणीत होत्या असे म्हणणार नाही. आपल्या प्रकृतीविषयी तक्रार करायची असते, ती कोणी ऐकून घ्यायची असते, हेच त्यांच्या हिशेबात नव्हते.

सेन यांनीच दाखवलेली याची दुसरी बाजू अशी. केरळमध्ये आयुर्मान देशात अगदी वरच्या पातळीवरचे, आणि आपण आजारी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाणही अधिक. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजाराची तक्रारही कमी. शिक्षण आणि दवाखाना जवळ आले की माणसाला आपले दुखणे ओळखता येते, त्याला नाव देता येते. निव्वळ तक्रारींचा आकडा पाहून निधी वाटला, तर ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच मागे राहील.

मग सरळ उत्पन्न आणि आयुर्मानच मोजावे की

तेही करून पाहिले गेले आहे, आणि त्याच्याही मर्यादा जुन्याच आहेत. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच बजावले होते की या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण क्वचितच ताडता येईल. पुण्यात अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडताना माणशी रोज २,२५० कॅलरी ही किमान गरज धरली, आणि ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के तर शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्याखाली आहेत असा हिशेब केला. पोटात किती गेले हे मोजणे, माणसाला काय वाटते हे मोजण्यापेक्षा नक्कीच पक्के. पण पोट भरल्यानंतरच्या आयुष्याविषयी ते काही सांगत नाही.

भूतानने दोन्ही वाटा एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. तिथल्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात नऊ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक आहेत, आणि त्यांत उत्पन्न, शिक्षण, आरोग्य यांच्याबरोबर वेळेचा वापर, संस्कृती आणि निसर्गही येतो. २०१० मध्ये हा निर्देशांक ०.७४३ होता, आणि २०२२ मध्ये ०.७८१ झाला. गंमत अशी की २०१९ च्या जागतिक आनंद अहवालात हाच भूतान ९५वा होता. यात कोणी खोटे बोलत नव्हते, दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते.

सरकारने हे आकडे वापरावेत का?

न्यूझीलंडने २०१९ मध्ये ‘स्वास्थ्य अर्थसंकल्प’ मांडला, ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय २०११ पासून नागरिकांना जीवनसमाधानाविषयी नियमित प्रश्न विचारते, आणि आपल्याकडे मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग सुरू केला. यावरचा आक्षेप असा की आकडा हेच लक्ष्य झाले की तो सुधारण्याचे सोपे मार्ग शोधले जातात. शाळेची तपासणी येणार म्हणून हुशार मुलांना पहिल्या बाकावर बसवावे, तसे. हा धोका खरा आहे, म्हणून ज्या यंत्रणेच्या कामगिरीवर शिक्का बसायचा आहे तिच्याच हाती मोजमाप असू नये.

मात्र वापर न करण्याचीही किंमत असते. क्रमवारीवर दरवर्षी वाद घालण्यापेक्षा उपयोगी अशी एक गोष्ट देशात आधीच सुरू आहे. देवनारच्याच संस्थेने २०१७–१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिचे स्वरूप दीर्घकालीन आहे, म्हणजे त्याच माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जायचे. उत्पन्न, रक्तदाब आणि हाताच्या पकडीची ताकद मोजायची, आणि सोबत आयुष्याबद्दल किती समाधान वाटते हेही विचारायचे. एखादी विधवा ‘सगळे ठीक आहे’ म्हणाली, तर तिच्या उत्तराशेजारी तिचा रक्तदाब आणि तिचे वजनही लिहिलेले असेल.